पळणाऱ्याला गुण की शिकणाऱ्याला?

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला. महाविद्यालयात अग्निशमनाच्या विद्यार्थ्यांना शारीरिक क्षमतेचा अभ्यासक्रम असतो. तो शिकवणारे आणि शिकणारे दोघंही विचारतायत, की यात शिकणं मोजायचं कसं. मी २६ वर्षं होजपाइप ओढले आणि गेली ११ वर्षं हाच विषय शिकवतोय. डावा गुडघा नोकरीत गेला, स्टॉपवॉच मात्र अजून तेच आहे. उत्तरं तेवढ्या भरवशावरच वाचा.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षण विभागात शिकवते. यंदा अग्निशमनाच्या विद्यार्थ्यांचा १६ आठवड्यांचा फिटनेसचा कोर्स माझ्याकडे आला. एक मुलगा पहिल्या दिवशी १२ मिनिटांत २,७०० मीटर धावला आणि शेवटच्या दिवशी २,७२०. एक मुलगी १,९०० वरून २,२५० वर आली. तिच्या प्रत्येक फेरीच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. आमच्या तक्त्याप्रमाणे मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले, मुलगी नापास झाली. मला हे पटत नाही. प्रगतीवर गुण द्यावेत का?

उत्तर : मॅडम, तुम्हाला जे खटकतंय ते खटकायलाच हवं. पण प्रगतीवर गुण हा उतारा मी घेऊन पाहिलाय, आणि तो अंगाशी आला. शिकवायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मी जाहीर केलं, की पहिल्या आणि शेवटच्या चाचणीतला फरक म्हणजे तुमचे गुण. झालं! पहिल्या चाचणीला अख्खी बॅच बागेत फेरफटका मारायला आल्यासारखी धावली. चौघं तर गप्पा मारत होते. एकाची नाडी संपल्या संपल्या मोजली, ११२. विशीतल्या पोराची १२ मिनिटं जीव तोडून धावल्यावर नाडी ११२ असेल, तर त्याला माझ्याकडे कशाला, थेट ऑलिंपिकला पाठवायला हवं. शेवटी याच पठ्ठ्याने ७०० मीटरची ‘प्रगती’ केली. ज्याने पहिल्या दिवशी इमानदारीत जीव काढला होता तो तळाला गेला. तो काही बोलला नाही, पण त्याची नजर मला अजून आठवते.

सगळे प्रामाणिक असले तरी हिशेब जुळत नाहीच. २,७०० मीटरवाल्याला वाढायला जागा किती उरलीय? आणि पहिल्या चाचणीपेक्षा दुसरी चांगली जाते यात बराचसा वाटा चाचणीची ओळख झाल्याचा असतो. म्हणून आता मी सुरुवातीची चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घेतो आणि त्यातलं जास्त अंतर धरतो. त्यावर गुण शून्य. गुण नाहीत म्हटल्यावर नाटकं करायचं कारणच संपतं.

मग करायचं काय? माझ्या मते आपण एकाच आकड्यात दोन वेगळे प्रश्न कोंबतोय. हा माणूस कामाला तयार आहे का, हा एक. या १६ आठवड्यांत तो काही शिकला का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला गुण नसतातच, उंबरठा असतो. तो ओलांडला किंवा नाही ओलांडला, एवढंच. उत्तर अमेरिकेत भरतीसाठी ‘सीपॅट’ नावाची चाचणी वापरतात. अंगावर ५० पौंडांचं, म्हणजे जवळपास २३ किलोंचं जॅकेट. सुरुवातीला जिन्याच्या यंत्रावर ३ मिनिटं, मिनिटाला ६० पायऱ्यांच्या वेगाने, आणि तेवढ्यापुरतं खांद्यांवर आणखी २५ पौंड. मग होज ओढणं, अवजारं वाहून नेणं, शिडी, दार फोडणं, अंधाऱ्या बोगद्यात रांगत शोध, १६५ पौंडांची डमी ओढणं आणि शेवटी छत फोडणं. असे आठ टप्पे १० मिनिटं २० सेकंदांत संपवायचे. दोन टप्प्यांच्या मध्ये धावायला मनाई, चालतच जायचं. ९ मिनिटांत संपवणाऱ्याला शाबासकीचा एक गुणही जास्त मिळत नाही. डमीचं वजन उमेदवाराचं वय पाहून किंवा ती बाई आहे की पुरुष हे पाहून बदलत नाही. हे मला योग्यच वाटतं, कारण धुरात पडलेला माणूस कुणासाठी हलका होत नाही.

१२ मिनिटांची धाव अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली मांडली. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करायचे, ४४.७३ ने भागायचं. शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज मिळतो. तुमची मुलगी साधारण ३१ वरून ३९ वर आली. अग्निशमनाच्या कामासाठी ४२ चा आकडा वर्षानुवर्षं वापरात आहे आणि त्याला सुमारे २,३८५ मीटर लागतात. म्हणजे ती उंबरठ्याच्या १३५ मीटर अलीकडे आहे. हे तिला स्पष्ट सांगा. ‘खूप मेहनत घेतलीस’ म्हणून ही ओळ पुसट करू नका. कोर्समध्ये तिला सांभाळून घेतलं, तर त्याची किंमत पुढे ती किंवा तिचा कामावरचा जोडीदार मोजेल.

आता दुसरा प्रश्न. फेऱ्यांच्या वेळा पाठवल्यात हे फार बरं केलंत. ४०० मीटरच्या फेऱ्या दिसतायत. पहिल्या चाचणीत पहिली फेरी १ मिनिट ३८ सेकंद, मग २:२०, मग २:५०, चौथी ३:०५. म्हणजे मुलगी सुसाट सुटली आणि नंतर पाय ओढत राहिली. शेवटच्या चाचणीत पाचही फेऱ्या २:०५ ते २:१० च्या आत आहेत. हे नुसत्या फुप्फुसांचं काम नव्हे, ती दम वाटून घ्यायला शिकली. बीए सेटचं, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधतात त्या यंत्राचं, हवेचं सिलिंडर वापरणाऱ्या कुणालाही विचारा. सिलिंडरवर ३० मिनिटं लिहिलेलं असतं, पण धापा टाकत काम करणाऱ्याला ते तेवढं कधीच पुरत नाही. तुमच्या अख्ख्या कोर्समधला शिकण्याचा सर्वांत चांगला पुरावा त्या कागदाच्या कोपऱ्यात आहे आणि तुमच्या गुणतक्त्यात त्याला रकानाच नाही.

मुलाच्या वेळा तुम्ही पाठवल्या नाहीत. मी त्याला समोर बसवून विचारलं असतं, बाबा, १६ आठवड्यांत काय बदललंस? आणि का? तो नीट सांगू शकला, म्हणजे ‘दम होताच, म्हणून मी जिने आणि पकड यांवर वेळ घातला, हे बघा आकडे’ असं काही, तर द्या भरभरून गुण. ‘सर, मी आधीपासूनच फिट आहे’ एवढंच म्हणाला, तर तो तुमच्याकडे फक्त हजेरी लावून गेला.

माझ्या गुणपत्रकावर उंबरठ्याची ओळ वेगळी असते, ‘पार’ किंवा ‘अजून नाही’. कामाला पात्र ठरायचं तर ती पार व्हावीच लागते, पण गुणांच्या बेरजेत ती धरत नाही. १०० पैकी ४० गुण कामाच्या हालचालींच्या तंत्राला, ३५ स्वतःच्या व्यायामाच्या आराखड्याला आणि नोंदींना, उरलेले २५ तोंडी परीक्षेला. याहून बरी वाटणी कुणाकडे असेल तर कळवा, मी बदलेन. आधी दोनदा बदललीच आहे.

प्रश्न : सर, मी सगळ्या चाचण्या वेळेच्या आत पार केल्या. बॅचमध्ये माझा पहिला नंबर. तरी ‘आराखडा आणि नोंदवही’ या भागात मला ३५ पैकी ९ गुण दिले. मला कारकून व्हायचं असतं तर इथे कशाला आलो असतो?

उत्तर : तुझा राग पोहोचला. तुझी वही मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुझ्या सरांच्या वतीने बोलत नाही. माझ्याकडे आलेल्या एका वहीची गोष्ट सांगतो. १६ आठवड्यांची वही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच निळं पेन, एकच दाब, एकच घाई. सकाळची नाडी रोज ६४. माणसाची नाडी १६ आठवडे रोज ६४ राहत नाही रे, भिंतीवरच्या घड्याळाची राहील फार तर. त्यात एका गुरुवारी ‘मैदानावर ६ किमी धाव, छान वाटलं’ अशी नोंद. त्या गुरुवारी मैदानात घोट्याच्या वर पाणी होतं आणि गेटला कुलूप मी माझ्या हाताने लावलं होतं.

त्याच बॅचच्या दुसऱ्या एका मुलाच्या वहीत ही ओळ होती : ‘झोप ४ तास. सकाळची नाडी ७८, एरवी ६६. वजन घेऊन जिने आज रद्द, फक्त खांदे-कंबर मोकळी केली. उद्या पुन्हा बघू.’ अक्षर गचाळ, ‘कंबर’वर अनुस्वारही नाही. पण या एका ओळीत त्याने स्वतःला मोजलं, मोजलेल्याचा अर्थ लावला आणि त्यावरून निर्णय घेतला. मला परीक्षेत हेच हवं असतं.

कारण ऐक. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कामावर असताना झालेल्या जवानांच्या मृत्यूंचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले मृत्यू वगळून १,१४४ मृत्यू, त्यांपैकी ४४९ हृदयविकाराने, म्हणजे ३९ टक्के. त्या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते, आणि आग विझवण्यात जवानाच्या कामाचा वेळ जातो जेमतेम १ ते ५ टक्के. एरवी बसून असलेलं शरीर एका क्षणात पूर्ण ताणावर जातं आणि हृदय आधीच आजारी असेल तर तिथे दगा देतं. ही बहुतेक माणसं विशीतली नव्हती, चाळिशी-पन्नाशीकडची होती. तू त्या वयाचा होशील तेव्हा शिट्टी वाजवायला मी नसेन, तुझे आत्ताचे सरही नसतील. तेव्हा तुझा व्यायाम तुलाच आखावा लागेल. वहीत तोच सराव चाललाय.

एक प्रश्न देतो, सोडवून बघ. ‘२२० वजा वय’ या सूत्राने २० वर्षांच्या माणसाची नाडी जास्तीत जास्त २०० पर्यंत जाते. तुझा मित्र जीव तोडून धावला तरी १८६ च्या वर जात नाही. तो आळशी आहे का? (नाही. ते सूत्र सरासरीचं आहे. एकेका माणसात १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सर्रास असतो, त्याहून जास्तही असू शकतो.) ज्याला हे माहीत नाही तो चुकीच्या आकड्यामागे मित्राला पळवत राहतो. तुझ्या पहिल्या नंबराचा मला आदर आहे. ९ चे २९ करायला तुला महिनाही लागायचा नाही.

प्रश्न : शिडी उभारण्याच्या प्रात्यक्षिकाला आम्ही दोन परीक्षक असतो. एकाच विद्यार्थ्याला माझे सहकारी १० पैकी ९ देतात आणि मी ५. विद्यार्थी आता ‘आज कोण आहे?’ असं विचारून रांग बदलतात.

उत्तर : हुशार आहेत पोरं. यात तुम्ही किंवा तुमचे सहकारी दोषी नाहीत, तुमचा तक्ता दोषी आहे. त्यात ‘शिडी आत्मविश्वासाने हाताळतो’ असं काहीतरी लिहिलेलं असणार, मी पैज लावतो. आत्मविश्वास डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते असं : शिडी उचलण्याआधी त्याने वर पाहिलं का, विजेच्या तारा आहेत का ते बघायला? शिडीचे पाय टेकलेत याची खात्री केली का? पायऱ्यांवर एकेक हात बदलत पुढे गेला का, की मध्येच पायरी चुकून हात हवेत गेला? वरचा भाग चढवताना दोर हातात घट्ट होता का, की उतरवताना सटासट सुटला? वजन पायांनी उचललं की कंबरेने? याची उत्तरं हो किंवा नाही. गुणांची भांडणं इथेच निम्मी संपतात.

आमच्याकडेही हे झालं होतं. मग आम्ही दोघांनी १२ विद्यार्थ्यांचं चित्रीकरण केलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसून गुण दिले आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवले. १२ पैकी ७ ठिकाणी जुळलं. उरलेल्या पाचांवर चांगलीच वादावादी झाली आणि त्यातून कळलं, की ते वेग बघत होते आणि मी कंबर. माझी नोकरीतली दुखणी माझ्या पेनातून उतरत होती. तक्ता दुरुस्त केल्यावर तेच चित्रीकरण पुन्हा तपासलं, ११ जुळले. बाराव्यावर आम्ही आजही भांडतो.

प्रश्न : कॉलेजला दर सत्रात अहवाल लागतो. आम्ही शेवटी विद्यार्थ्यांकडून ‘तुम्हाला अधिक तंदुरुस्त वाटतं का?’ असा फॉर्म भरून घेतो. ९० टक्क्यांहून जास्त जण ‘हो’ म्हणतात. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. वाटणं आणि येणं यांत फरक आहे. मला गाणं येतं असं मलाही वाटतं. फॉर्म ठेवा, तो विद्यार्थ्यांचा कल सांगतो, पण अहवालाचा कणा म्हणून नको. त्याऐवजी एकच गोष्ट निवडा, उदाहरणार्थ ‘विद्यार्थी स्वतःच्या नोंदी पाहून पुढच्या चार आठवड्यांचा आराखडा बदलू शकतो’. सगळ्यांचे आराखडे तपासा, किती जणांना जमलं आणि नेमके कुठे अडले ते लिहा. आमच्याकडे बहुतेक जण विश्रांतीच्या दिवसावर अडले होते, तो आराखड्यात नव्हताच. पुढच्या सत्रात मी विश्रांतीवर दोन तास जास्त घेतले. अहवाल दोन पानांचा झाला आणि पहिल्यांदाच कुणीतरी तो वाचला.

प्रश्न : आमचे प्रशिक्षक ‘शेवटपर्यंत जो थांबत नाही त्याला १० गुण जास्त’ म्हणतात. थांबणाऱ्याला शिक्षा म्हणून दंड काढायला लावतात. मैत्रिणीला परवा उलटी झाली तरी ती थांबली नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि हे उत्तर मी शांतपणे लिहितोय असं समजू नकोस.

ज्याची सवय नाही असा व्यायाम हद्दीबाहेर करायला लावला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नव्या भरतीच्या जवानांना हे झाल्याची उदाहरणं आहेत. लघवी गडद चहासारखी किंवा कोलासारखी झाली, स्नायू नेहमीपेक्षा फार दुखायला, सुजायला लागले, हातापायांतलं बळ गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकायचं नाही. मैत्रिणीला हे आजच सांग.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पूर्ण पोशाखात शरीराची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. माझ्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न दरवर्षी असतो : सरावात तुझा जोडीदार अडखळतोय, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतोय, पण त्याला घाम भरपूर येतोय. काय करशील? निम्मे जण म्हणतात, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, सावलीत बसवून पाणी देतो. इथे मी पेन खाली ठेवतो. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. डोकं ताळ्यावर नसणं हीच खूण. पोशाख उतरवायचा, मिळेल त्या थंड पाण्यात मानेपर्यंत बुडवायचं, डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं, मदत बोलवायची. थंड करणं आधी, गाडीत घालणं नंतर. हे ज्याला सांगता आलं नाही तो माझ्याकडे पास होत नाही, मग तो कितीही पळो.

म्हणजे ‘कधी थांबायचं’ हा या विषयातला परीक्षेचा प्रश्न आहे आणि तुमचे प्रशिक्षक त्याच्या चुकीच्या उत्तराला १० गुण देतायत. तू एकटी जाऊन भांडू नकोस. दोघी-तिघी मिळून विभागप्रमुखांना भेटा आणि तारखांसह लेखी द्या.

प्रश्न : परीक्षा झाली, गुण दिले, मुलं कामाला लागली. ती खरंच शिकली होती का, हे तुम्हाला कधी कळतं?

उत्तर : वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक पिरॅमिड मांडला. तळाशी माहीत असणं, त्यावर कसं करायचं हे माहीत असणं, त्यावर करून दाखवणं आणि टोकावर प्रत्यक्ष कामात करणं. आपण परीक्षेत फार तर तिसऱ्या पायरीपर्यंत जातो. टोक बघायला कॉलेजच्या बाहेर पडावं लागतं. म्हणून कोर्स संपून वर्ष झालं की मी जुन्या मुलांना एकच निरोप पाठवतो : ‘गेल्या आठवड्यात व्यायाम काय केलास, आणि काय मुद्दाम केला नाहीस?’ बरेच जण उत्तरच देत नाहीत, तेही एक उत्तर आहे. काही जण खोटं बोलतात, ते लगेच कळतं, कारण त्यांनी सगळंच केलेलं असतं.

गेल्या आठवड्यात एकाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, ‘उजवा गुडघा सुजला. वजन घेऊन जिने २ आठवडे बंद. सायकल.’ आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘सर, राग मानू नका, पण तुमच्यासारखा गुडघा नकोय.’